ओढ्यापलीकडचं इंग्रजी

लवकर तयार होणारं हळवं भात पिवळं पडायला लागलं की टोकावड्याच्या रस्त्याला एक वास सुटतो. तांदळाचा म्हणावा तर तांदूळ अजून तुसाच्या आत आहे, गवताचा म्हणावा तर गवत इतकं गोड जन्मात नसतं. माळशेजकडे निघालेल्या गाड्यांच्या काचा आपोआप खाली येतात. मागं एकदा एका ट्रकवाल्यानं ह्या वासापायी घाट चढायचंच नाकारलं. माझ्या धाब्यासमोर ट्रक लावला, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि दोन दिवस हलला नाही. बायको म्हणते, त्याचा क्लच गेला होता. बायको तेव्हा माहेरी होती. तसा मीही मुरबाडला बाजाराला गेलो होतो; पण मला माहीत आहे.

ह्या वासानं लोकांना नव्याची पूजा आठवते, नव्या तांदळाची पेज आठवते. मला इंग्रजी आठवतं. पुस्तकातलं नाही, तोंडी. भाताच्या शेतात चार मेढींच्या मचाणावर उभं राहून, पोपटांच्या साक्षीनं, ओढ्याच्या ह्या काठावरून त्या काठावर फेकलेलं इंग्रजी. ते ज्यानं ऐकलं नाही त्यानं इंग्रजी ऐकलंच नाही असं मी म्हणतो, आणि आमच्याकडे ते ऐकलेली माणसं भरपूर असल्यामुळे कुणी विरोध करत नाही.

माझी थोरली बहीण जनाताई उंबरमाळीच्या वर, रानाच्या काठाला दिली आहे. मी मुरबाड तालुक्यात, ती शहापूर तालुक्यात. मधे डोंगर आडवा पडलेला, म्हणून सापगावच्या पुलावरून वळसा घालून तिच्याकडे जायचं. तिची लेक योगिता. शिकून नर्स झाली आणि शहापुरात एका दवाखान्यात लागली. लहानपणी ह्या पोरीला काही विचारलं, की ती आधी विचारणाऱ्याकडे बघायची, मग विचारलेलं स्वतःशी पुन्हा म्हणायची, मग थांबायची आणि मग उत्तर द्यायची. "भाकर खाशील का गो?" "भाकर खाईन का?" मग बराच वेळ काही नाही. मग "खाईन." तोवर भाकर गार, भाजी गार, चूलसुद्धा गार. आमच्या घराण्यात हे रक्त कुठून आलं, मला कळत नसे. माझ्या बाबतीत उत्तर आधी निघतं आणि प्रश्न मागून धापा टाकत येतो.

तर त्या वर्षी आयर्लंडातल्या, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्या एका दवाखान्यानं योगिताला घ्यायचं कबूल केलं होतं. इंग्रजीची परीक्षा तेवढी हवी होती. वाचायची झाली, लिहायची झाली, ऐकायची झाली. राहिली बोलायची. दिवाळीच्या आत ती पास झाली तर जागा तिची, नाही तर दुसऱ्या कुणाची.

मी तिला विचारलं होतं, "येवढ्या लांब कशाला गो? पैशासाठी?"

"पैशासाठी?" ती म्हणाली. मी चहा उकळून, गाळून, दोन टेबलांना देऊन आलो. मग ती पुढं म्हणाली, "ते पण हाय. पण मामा, इथं मला दिवसभर सगले सांगतात. हे आण, ते दे, सरक. सांगतात, विचारत कोणीच नाय. तिकडची बाई मुलाखत घेत व्हती ना, तिनं एका पेशंटची हकीकत सांगितली आणि म्हणाली, ह्याच्याबद्दल तुला काय वाटतं? मला, मामा. नर्स झाल्यापासून पयल्यांदा."

हे ती इतक्या हळू बोलली की मला ते नीट ऐकायला शेगडी बंद करावी लागली. माझ्या धाब्याच्या इतिहासात गिऱ्हाईक असताना शेगडी तेवढी एकदाच बंद झालेली आहे.

ह्या परीक्षेचा एक नियम मला योगितानं समजावून सांगितला आणि माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एका शब्दाचं उत्तर चालत नाही. तुम्हाला तुमचं गाव आवडतं का विचारलं आणि तुम्ही "येस" म्हणून गप्प झालात, की बसलात. उत्तर लांबवायचं. कारण द्यायचं, उदाहरण द्यायचं, एखादा प्रसंग सांगायचा. ज्या गुणापायी मला शाळेत बाकावर उभं केलं, ज्या गुणापायी सोयरीक ठरवायच्या बैठकीला मला कुणी नेत नाही, त्या गुणाला जगात कुठंतरी मार्क होते. मी जन्माला चुकीच्या तालुक्यात आलो, एवढंच.

मी लगेच सुट्टीच्या दिवशी तिला धाब्यावर बोलावलं. माझं इंग्रजी ह्या रस्त्यावर प्रसिद्ध आहे. एका परदेशी जोडप्याला मी घाटावरच्या रोहित पक्ष्यांचं वर्णन करून सांगितलं, तर ते इतकं रंगलं की त्यांनी पक्षी बघायला जायचं रद्द केलं. म्हणाले, आता प्रत्यक्षात काय मजा. अशा माणसाच्या हाताखाली ती शिकत होती.

"हे बघ," मी म्हणालो, "गिऱ्हाईक विचारतं, पाणी थंड हाय का? तू हो म्हणून मोकली झालीस तर नापास. तू म्हणायचं, पाणी थंड हाय, कारण ते विहिरीचं हाय, विहीर माझ्या आज्यानं खणली, खणताना आत नाग निघाला, नागानं आज्याकडं बघितलं, आज्यानं नागाकडं बघितलं..."

"मामा, मघाच्या त्या लोकांना पाणी पायजे व्हतं."

"मी दिलं ना मग."

"नाग निघाला तवाच ते उठून गेले."

तरी तिनं माझं ऐकलं. पोर गुणी. येणाऱ्या-जाणाऱ्याला इंग्रजीतून भाकरी कशी भाजतात ते सांगायला लागली. थांबणं मात्र गेलं नाही. विचारलेलं परत म्हणणंही गेलं नाही. ते कुठून आलं होतं ते मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण मी बोलत होतो.

ते माळ्यावरून आलं होतं.

माळा म्हणजे शेतात चार मेढी रोवून, त्यांच्यावर फळ्या टाकून, वर पेंढ्यानं शाकारलेलं राखणीचं घरटं. पीक तयार झालं की दिवसा पोपटांचे थवे येतात आणि तिन्हीसांजेला डुकरं. उंबरमाळीच्या वर शेतं म्हणजे उतारावरच्या पायऱ्या, मधून ओढा, त्याला तिकडे व्हळ म्हणतात, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना माळे. पिकाच्या दिवसांत माणसं घरात कमी आणि माळ्यावर जास्त. बांधाला तेरडा, कड्यावर सोनकी पिवळी धम्मक, सकाळी फळ्यांवर दव इतकं की चढताना पाय घसरावा. आणि सगळ्या खोऱ्यात हाका.

माळ्यावरून बोलायचा एक कायदा आहे. हाक मारायची आणि थांबायचं. शब्द ओढा ओलांडतो, समोरच्या कड्याला टेकतो, अर्धामुर्धा परत येतो. तो परतीचा शब्द विरेपर्यंत दुसरं बोलायचं नाही, नाही तर तुमचाच शब्द तुमच्या शब्दावर आपटतो. मग समोरच्यानं आधी तुमची हाक तुम्हाला परत म्हणून दाखवायची. "खालच्या बांधाला डुक्कर?" म्हणजे तुमचं पोचलं. त्याच्यापुढं त्याचं उत्तर. असं नाही केलं तर माणूस कुठल्या बांधाला पळेल आणि डुक्कर कुठल्या, सांगता येत नाही. मी पोरवयात ताईच्या सासरी राखणीला गेलो होतो, तेव्हा ह्या कायद्यापायी मला माळ्यावरून उतरवलं. मी हाक मारून थांबत नसे. एका डुकराचा सबंध कळप झाला, आणि दोन वाड्यांची माणसं कोयते घेऊन एकमेकांच्या अंगावर धावली. डुक्कर बसून बघत होतं.

योगिता मात्र त्याच फळ्यांवर बोलायला शिकली. पाळण्यातून उतरली ती माळ्यावर चढली. तिला कुणी काही विचारलं, की तिच्या मनात आधी ओढा उभा राहतो.

पहिली परीक्षा झाली ती लांब शहरात, एका काचेच्या इमारतीत, मशीनसमोर. रांगेनं खोकी, खोक्यात संगणक, कानाला ते टोपडं. मशीन प्रश्न विचारतं, एक बारीक आवाज होतो, की बोलायचं. मधे गप्प राहिलात तर मशीन समजतं ह्याचं झालं, आणि कान मिटून घेतं. योगितानं काय करावं? प्रश्न आला, तो तिनं पोचू दिला. मग तो परत म्हटला. मग पुन्हा थांबली, समोरून होकार येईल म्हणून. तेवढ्यात मशीननं पुढच्या प्रश्नावर उडी मारली होती. पुढच्यालाही तेच. धाब्यावरचं माझं सगळं शिकवणं वाटेत सांडलं, माळ्यावरचं तेवढं अंगात उरलं.

आणि जिथं बोलली तिथं ओढ्याच्या मापानं बोलली. सबंध खोली दचकली. शेजारच्या खोक्यात डोंबिवलीचा एक पोरगा होता, तो इतका गोंधळला की त्यानं आपल्या मशीनला, माझं गाव उंबरमाळीच्या वर आहे आणि आमच्याकडे हळवं भात होतं, असं सांगून टाकलं. पास झाला म्हणे. ह्यातलं "म्हणे" माझं आहे, बाकी योगिताचं. निदान खोली दचकली हे तरी.

ती नापास झाली. थोड्यानं नाही, चांगली नापास.

निकाल घेऊन ती दवाखान्यात रजा टाकून कापणीला आईकडे आली. रडली नाही. विळा घेतला आणि वाकली. कापणीत एक सोय असते, वाकलेल्या माणसाचं तोंड कुणाला दिसत नाही. दोन ओळी कापून झाल्या की ती उभी राहायची, भारा बांधायची, पुन्हा वाकायची. ताई मला फोनवर म्हणाली, "दाम्या, पोर लय कापते रे. शेत संपल असं कापते." मी धाबा बायकोवर टाकला आणि जीप काढली.

पुन्हा परीक्षेला बसायला एकच संधी होती, दिवाळीच्या तोंडावर. मी ठरवलं, सराव करायचा तर माळ्यावरच. ती ओढ्यापलीकडच्या माळ्यावर, मी अलीकडच्या, आणि खाली बांधावर ताई, हातात गोफण, पोपटांच्या मागावर. मी छाती भरून ओरडलो, "व्हॉट इज युवर फेवरिट फूड?" आणि तिचं उत्तर यायच्या आत, शिकवायचा उत्साह अंगात मावत नसल्यामुळे, "व्हाय? हाऊ? व्हेन?" असे लागोपाठ तीन सोडले. ओढ्यात शब्दांची गर्दी झाली. तिची पेज माझ्या "व्हेन"वर आपटून फुटली. पोपटांचा थवा दुसऱ्याच्या शेतात गेला आणि तिथून एकानं मला, इंग्रजीत नाही, चांगलं उत्तर दिलं.

"दाम्या," ताई खालून म्हणाली, "तुजं तोंड हाय का मलणी? तिचं पोचू दे की रे."

"ताई, ह्या परीक्षेत थांबून चालत नाय."

"मग ती कसली परीक्षा? विचारायचं आणि ऐकायचं नाय?"

"अगं, मशीन असतं ते."

"मशीन?" ताई म्हणाली. तिनं गोफणीत दगड घातला, पण फिरवली नाही. "माजी पोर मशिनीसंगं बोलते? आणि मशीन तिला नापास करतं?" मग गोफण सुटली. "त्यापरीस पोपट बरे. निदान मान तरी वाकडी करून ऐकतात."

पलीकडच्या माळ्यावर योगिता उभी होती. आमचं बोलणं तिच्याकडे पोचायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, आणि त्याच्यानंतरही ती तशीच उभी राहिली. मग माळ्यावरून उतरली. ओढ्यातून चालत आली, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, हातात विळा तसाच. मला वाटलं, आता मार खातो.

"मामा," ती म्हणाली, "दुसरी एक परीक्षा हाय. चालते तिकडं. त्याच्यात समोर माणूस बसतो. तो पेशंट व्हतो, नायतर पेशंटच्या घरचा, आणि आपण नर्स. तो विचारतो, आपण सांगायचं."

"मग तीच का नाय दिलीस?"

"तीच का नाय दिली?" थांबली. "मला लाज वाटली. माणसासमोर चुकलं तर तो हसल. मशीन हसत नाय."

"आणि आता?"

"आता हसला तरी चालंल. ऐकणारा पायजे."

त्याच्यानंतरची संध्याकाळ आणि तिच्या पुढच्या सगळ्या संध्याकाळी मी जन्मात विसरणार नाही. विचारायचं काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं, हे मी मोठ्या मनानं सोसलं. आसपासच्या माळ्यांवरून पेशंट यायला लागले. तिकडून हाक यायची, "माजा गुडगा ठणकतो गो पोरी." योगिता ते परत म्हणायची, इंग्रजीतून. मग थांबायची. मग विचारायची, तेही इंग्रजीतून, की कवापासून दुखतो, चढताना दुखतो का उतरताना. पेशंटला त्यातलं अक्षर कळत नसे, पण आपलं पोचलंय हे कळे, आणि तो खुशाल आपल्या भाषेत पुढचं सांगे. मग ती धीर द्यायची. त्या कड्यांनी पहिल्यांदाच इंग्रजी उलटून म्हटलं असेल. एका म्हाताऱ्याचा गुडघा त्या धीरानं खरोखर बरा झाला, तो माळ्यावरून उडी मारून घरी गेला. आणि त्या हंगामात खोऱ्यात डुक्कर फिरकलं नाही. मराठीची त्यांना सवय होती.

मी अलीकडच्या माळ्यावर पडून ऐकत असे. ऊन कड्यावरून वर वर सरकत जायचं, खाली कापलेल्या भाताचा ओला वास, खळं शेणानं नुकतंच सारवलेलं. आणि त्या पोरीचा आवाज ओढ्यावरून येत असायचा. माणसानं विचारलेलं आधी हातात घ्यायचं, उलटून बघायचं, त्याला दाखवायचं की हे तुझंच ना, आणि मग त्याच्या हातात आपलं ठेवायचं. मी एवढी वर्षं धाबा चालवतो, रोज शंभर प्रश्नांना उत्तरं देतो, पण माझ्या उत्तरांत विचारणारा कधी नव्हता. मीच असायचो, आणि तो नाग.

परीक्षेच्या दिवशी मीच जीप घेऊन गेलो. ताईनं नव्या तांदळाच्या भाकऱ्या दिल्या होत्या. इमारतीच्या दारात बसलेल्या रखवालदाराला मी सांगितलं, आत गेलेली पोरगी आयर्लंडच्या पंतप्रधानांची खाजगी नर्स होणार आहे. तो म्हणाला, "काल एकजण सांगत होता, त्याची बायको राणीला इंजेक्शन देणार आहे." मी त्याला अर्धी भाकर दिली. असा माणूस क्वचित भेटतो.

योगिता बाहेर आली. तोंडावर काही नाही. जीपमध्ये बसली. मी ठाण्यात विचारलं, "कशी गेली?" उत्तर खर्डीला आलं.

तिनं सांगितलं ते असं, आणि ह्यात मी माझ्या पदरचं मीठ घातलेलं नाही. समोर चष्मा लावलेली एक बाई होती. ती झाली एका म्हाताऱ्या पेशंटची मुलगी. बापाला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, तो काही खात नाही, आणि मुलगी नर्सवर चिडलीय. बाई खरोखरच चिडून बोलली, टेबलावर हात आपटून. "माझे वडील उपाशी आहेत. तुम्ही लोक प्रयत्न तरी करता का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी थांबले."

"बरं."

"मग म्हणाले, तुमचे वडील जेवत नाहीत, आणि तुम्हाला वाटतं आम्ही त्यांच्याकडं बघत नाही. असंच ना? आणि परत थांबले. ती बाई माझ्याकडं बघत राहिली, मामा. तिच्याकडं पुढचं चिडायचं तयार असणार, पण तिला ते काढायला जमलंच नाय. म्हणाली, हो, असंच. मग मी विचारलं, घरी त्यांना काय आवडायचं? ती म्हणाली, दुधातलं काहीतरी. मी म्हटलं, आज सकाळी मी त्यांच्यापाशी बसले व्हते, दोन चमचे त्यांनी घेतले. गिळायला त्यांना भीती वाटते. उद्या तुम्ही दुधाचं करून आणा, मी डॉक्टरांना विचारून ठेवते, कितपत घट्ट चालंल ते. आणि तुम्ही माझ्यासंगं बसा. कदाचित तुमच्या हातून ते तिसरा चमचा घेतील."

खर्डीच्या पुढं रस्त्याला गाड्या कमी होतात. मी जीप हळू केली.

"आणि आवाज?" मी विचारलं. "लोक दचकले असतील."

"नाय. हळू बोलले." ती थोडी हसली. "समोरच तर व्हती ती. मधी व्हळ नव्हता."

लोकांना वाटतं, इंग्रजीत चांगलं उत्तर म्हणजे भारी शब्द, जिभेची कोलांटउडी. मलाही तसंच वाटायचं. त्या दिवसापासून कुणी तसं म्हणालं की मी त्याला ह्या पोरीची हकीकत सांगतो. सांगताना त्या बाईला शेवटी रडू कोसळतं, आणि ती उठून योगिताच्या पाया पडते. तेवढं चालायचं.

निकाल आला तेव्हा मी उंबरमाळीलाच होतो, मळणीला. योगिता शहापुरात दवाखान्यात, तिनं मला फोन केला. एकच शब्द. ताई ओढ्यापलीकडे, शेवटचे भारे बांधायला गेलेली. मी माळ्यावर चढलो, ज्या माळ्यावरून मला एकदा उतरवलं होतं त्याच, आणि ओरडलो, "योगिता पास." आणि थांबलो. जीव जात होता, पण थांबलो. पलीकडून ताईचा आवाज आला, "योगिता पास?" मग तिच्या पलीकडच्या माळ्यावरून एका बाईचा, "जनीची योगिता पास?" मग वरच्या वाडीतून, मग आणखी वरून, मग कड्यांवरून. प्रत्येकानं ते परत म्हटलं, पुढच्याकडे दिलं, आणि त्यानं घेतलं का ते बघून मगच आपल्या कामाला वाकला. खाली उंबरमाळीच्या हॉल्टाला न थांबणारी फास्ट गाडी त्या आवाजानं थबकली. ताई म्हणते, सिग्नल होता. असेल. सिग्नल देणारासुद्धा माणूसच असतो.

आता योगिता तिकडं आहे. परवा ताईकडे माळा बांधायला गेलो होतो. भात ह्याही वर्षी वेळेवर पिवळं झालंय, सोनकी कड्यावर परत आलीय. मेढी रोवून झाल्या, ताई वर पेंढा पसरत होती, तेवढ्यात फोन आला, चित्रासकट. आयर्लंडाहून निघालेला शब्द वाटेत जरा रेंगाळतो. मला धीर निघत नाही, मी पुढचं बोलतो, तिचं मागचं येतं, दोन्ही आपटतात आणि आम्ही मामा-भाची हॅलो हॅलो करत बसतो. घरात सगळ्यांचं तसंच होतं. ताईचं नाही. ताई बोलते आणि थांबते. तिकडून योगिता ते परत म्हणते, मग तिचं सांगते. सातासमुद्रापार बोलायची रीत माझ्या बहिणीला कुणी शिकवली नाही. ओढा जरा रुंद झालाय, एवढंच.

"आये," योगिता म्हणाली, "इथली मोठी नर्स सोडून चाललीय. तिच्या जागी त्यांनी मला विचारलंय. घेतली तर दोन-तीन वर्सं कापणीला येता यायचं नाय. मी म्हटलं, विचारून सांगते. तुला काय वाटतं?"

ताईच्या हातात पेंढ्याची पेंडी होती. तिला आजवर कुणी काय विचारलं होतं? लग्न ठरलं तेव्हा नाही, शेत वाटलं गेलं तेव्हा नाही. सांगत आले सगळे.

"मला काय वाटतं?" ती म्हणाली, आणि थांबली.

मला वाटलं फोन गोठला. मी हात पुढं केला, तिनं तो कोपरानं बाजूला सारला. ओढ्याचं पाणी वाजत होतं. समोरच्या शेतात पोपट उतरले, तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला किती गोष्टी सुचत होत्या. कापणीला मी येईन म्हणावं, पोरीला परत बोलवावं, निदान कसला तरी विनोद करावा. काचेत योगिता वाट बघत होती. मान जरा पुढं, लहानपणी भाकर खाईन की नाही ते ठरवताना असायची तशी.

मग ताई म्हणाली, "तुजं तिथं पोचतंय ना? मग ऱ्हा तू. डुकरांना मी पुरते."

तो शब्द निघाला. डोंगर, समुद्र, काय काय लागतं मधे, ते सगळं ओलांडून तिकडं गेला. आम्ही त्याची वाट बघत राहिलो. योगिताच्या डोळ्यांत तो पोचलेला मी बघितला.

"डुकरांना तू पुरतेस," ती सावकाश म्हणाली.

त्या वेळात मी एक अक्षर बोललो नाही. आजवर मी जेवढ्या गोष्टी सांगितल्या, त्यांतली टोकावड्यात कुणाला न पटलेली एवढी एकच.